तालुका शंभर टक्के, आवृत्ती तिसरी

नाशिकच्या जिल्हा संगणक प्रोत्साहन कक्षात एकूण अकरा संगणक होते आणि त्यांतला एक चालू होता. उरलेले दहा बंद होते असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ते सुरक्षित होते. त्यांच्यावर प्लॅस्टिकची आवरणं होती, दसऱ्याला त्यांना झेंडूचे हार पडत, आणि मार्चमध्ये त्यांची मोजदाद होऊन ते दहाच्या दहा भरत. अकराव्यावर बहिरू भोये हा कनिष्ठ लिपिक बसे. कक्षाचं सगळं टंकलेखन तोच करी, म्हणून तेवढा एक संगणक असुरक्षित होता.

बहिरू सुरगाण्याकडचा. बायको चांगुणा तिकडेच पाड्यावर अंगणवाडी चालवायची, पदरात तीन वर्षांची पोरगी. नाशिकहून एसटीने चार तास, आणि घाटात गाडी बसली तर मग देवच मालक. बहिरू महिन्यातून दोनदा घरी जाई. पहिल्या दिवशी पोरगी त्याला बघून आईच्या मागे लपायची, दुसऱ्या दिवशी कुठे जवळ यायची, आणि तेवढ्यात याची परतीची गाडी लागलेली असायची. सुरगाण्याला कक्षाचं एक पद पाच वर्षं रिकामं होतं. त्या पदावर विनंती बदली मिळावी म्हणून बहिरू पाच वर्षं अर्ज देत होता, आणि कक्षही पाच वर्षं न चुकता त्या अर्जाचा विचार करत होता.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात वरून परिपत्रक आलं. विषय : 'मोकळीक' या मुक्त सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीच्या स्वीकृतीस प्रोत्साहन देणेबाबत.

आता हे 'मोकळीक' म्हणजे पत्रं लिहायचं, तक्ते आखायचं सॉफ्टवेअर. जगभरातल्या कुणाकुणा हौशी माणसांनी आपल्या वेळात लिहिलेलं आणि फुकट वाटलेलं. आतलं सगळं उघडं. ज्याला वाटेल त्याने बघावं, दुरुस्त करावं, शेजाऱ्याला द्यावं. दुसऱ्या आवृत्तीत मराठी छापताना अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढत, तिसरीत ती शहाण्यासारखी ओळीत उभी राहत. बहिरूला त्याचं फार कौतुक. पण परिपत्रकात अक्षरांचा उल्लेख नव्हता. परिपत्रकात पंधरवडा होता, नमुना क्रमांक सात होता आणि लक्ष्यांक होता.

कक्षाचे प्रमुख खैरनार साहेब हे मूळचे सटाण्याचे. एरवी बोलणं अगदी शासकीय, पण डोकं तापलं की अहिराणी बाहेर यायची. त्यांनी बैठक घेतली.

"आपल्या जिल्ह्याला चारशे," साहेब म्हणाले.

"चारशे काय, साहेब?" बहिरूने विचारलं.

"स्वीकृत्या. दुसरी आवृत्ती वापरणाऱ्या चारशे जणांनी तिसरी घ्यायची."

"पण साहेब, दुसरी वापरणारा माझ्या माहितीत जिल्ह्यात एकच माणूस आहे."

"कोण?"

"मीच."

"छान. मग सुरुवात तुमच्यापासून."

"माझी झाली, साहेब. शनिवारीच घेतली. दहा मिनिटं लागली."

साहेबांचा चेहरा पडला. "शनिवारी? पंधरवड्याचं उद्घाटन सोमवारी, आणि तुम्ही शनिवारी घेऊन मोकळे? कुणाला विचारून? हाई काय शे, भोये! परत घाला ती जुनी!"

बहिरूने तिसरी आवृत्ती काढून दुसरी घातली. सोमवारी त्या संगणकापुढे नारळ फुटला, साहेबांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या आणि जिल्ह्याच्या खात्यात एक स्वीकृती पडली. भाषणाच्या शेवटी साहेबांनी जाहीर केलं की, जो कर्मचारी लक्ष्यांक पुरा करील त्याच्या विनंती बदलीला प्राधान्य मिळेल. बहिरूने ते वाक्य मनात तीनदा म्हणून बघितलं. मग सीडींची पिशवी खांद्याला लावून तो जिल्ह्यात निघाला.

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये दिनेश मोगल नावाचे मालक भेटले. चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"केवढ्याला?" त्यांनी विचारलं.

"फुकट आहे, शेठ."

"मग नको. फुकटात काय ना काय खोट असतीच. आमच्याकडं बावीस हजाराचं हाय."

"विकत घेतलंत?"

"विकत कशाला? भाच्यानं कुठून तरी आणून टाकून दिलं. एक रुपया नाय लागला. पण माल बावीस हजाराचा हाय बरं का!"

बहिरू जिथे जिथे गेला तिथे भाचा आधीच येऊन गेलेला होता. दवाखान्यांत, दुकानांत, वकिलांच्या कचेऱ्यांत, सगळीकडे लोक महागाचं सॉफ्टवेअर फुकट वापरत होते आणि फुकटच्या सॉफ्टवेअरकडे संशयाने बघत होते. उजळ माथ्याने, प्रामाणिकपणे फुकट घ्यायची लाज, आणि भाच्याकडून चोरून घेतलं तर प्रतिष्ठा! असं आमचं सगळं उफराटं.

अपवाद एकच निघाला. मालेगावचे एक सूतव्यापारी म्हणाले, "अच्छी चीज है, लाव भाऊ, डाल दो." बहिरूला त्यांना मिठी मारावीशी वाटली. त्याने तिसरी आवृत्ती घातली, नमुना सात भरला, सही घेतली आणि उड्या मारत नाशिकला आला. चौथ्या दिवशी वरून नमुना परत आला. शेरा होता : 'रकाना चार (सध्याची जुनी आवृत्ती) रिकामा. स्वीकृती म्हणजे जुन्याचा त्याग होय. ज्याच्यापाशी जुने नाही, तो त्याग कशाचा करणार? सबब लाभार्थी अपात्र.'

म्हणजे जिल्ह्यात ज्या एका माणसाने मनापासून ते सॉफ्टवेअर घेतलं, तोच तेवढा बाद झाला. पंधरवड्याचे सहा दिवस उरले होते आणि खात्यात एक स्वीकृती होती. बहिरू टेबलावर डोकं टेकून बसला.

मालनबाई आव्हाड कक्षाच्या मुख्य लिपिक. गाव सिन्नर, नोकरी अठ्ठावीस वर्षं. अल्पबचत, कुटुंबनियोजन, बिनधुराच्या चुली, शोषखड्डे, सगळे लक्ष्यांक त्यांच्या हातून पुरे झालेले. त्या शेंगदाणे सोलत बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या.

"काय रे बहिरू, असा का बसलास सुतक्यासारखा?"

"माणसंच मिळत नाहीत, बाई."

"माणसं कुणाला मिळतात? अरे, कुटुंबनियोजनात आम्ही कसे दिवस काढले असतील! तिथं मोठी अडचण होती. एका माणसाचं ऑपरेशन एकदाच होतं. तुझ्या या यंत्राचं तसं आहे का?"

"नाही. यंत्रात जुनी आवृत्ती परत घालता येते."

"मग?" मालनबाई म्हणाल्या आणि पुढचा शेंगदाणा त्यांनी तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काम सुरू झालं. जुनी घाल, नवी घाल, नमुना भर; नवी काढ, जुनी घाल, नवी घाल, नमुना भर. आधी वीस मिनिटं लागत, मग हात बसला. संध्याकाळपर्यंत त्या एका संगणकाने सदुसष्ट वेळा जुन्याचा त्याग केला. एवढा वैरागी संगणक कुंभमेळ्याच्या साधुग्रामातही सापडला नसता.

प्रश्न राहिला नावांचा. नाशिकमध्ये बहिरूला खानावळवाली आणि घरमालक सोडून कुणाचं पूर्ण नाव ठाऊक नव्हतं. मालनबाई म्हणाल्या, "ओळखीची घाल. ओळखीच्या माणसाचं नाव लिहिताना हात अडखळत नाही." मग बहिरूने आपल्या मुलखाची नावं काढली. पहिलं चांगुणाचं. मग शेजारच्या तानुबाईचं, जिच्या घरात अजून विजेचा खांबही डोकावला नव्हता. मग फकिराचं, त्याच्या भावांचं, मग पलीकडच्या पाड्याचं, मग थेट गुजरातच्या हद्दीपर्यंत. अंगठ्यांची सोय कक्षातल्या मंडळींनी आपापसांत केली. बोटं देवाने प्रत्येकाला दहा दिलेली आहेत.

बहिरूला वाईट वाटलं नाही असं नाही. लबाडी त्याच्या हाडात नव्हती. प्रत्येक नमुन्याखाली 'माहिती खरी आहे' असं छापलेलं होतं, आणि त्याखाली सही करताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. पण पोरगी आईच्या मागून एक डोळा काढून बघायची, ते आठवलं की पेन पुढे सरकायचं. पंधरवडा संपला तेव्हा चारशे बारा स्वीकृत्या झाल्या होत्या. एक सोडून सगळ्या सुरगाणा तालुक्यातल्या.

वर एकच खळबळ उडाली. ज्या तालुक्याकडून काही अपेक्षाच नव्हती त्याने अख्ख्या जिल्ह्याची लाज राखली! खैरनार साहेबांचं अभिनंदन झालं. बहिरूला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि पंधरा दिवसांनी हातात आदेशही पडला.

'संदर्भीय अहवालानुसार सुरगाणा तालुक्यात तिसऱ्या आवृत्तीची शंभर टक्के स्वीकृती झाली असून, तेथे प्रोत्साहनास वाव उरलेला नाही. सबब तेथील लिपिकाचे पद अतिरिक्त ठरवून रद्द करण्यात येत आहे. श्री. भोये यांच्या विनंती बदलीस घोषित केल्याप्रमाणे प्राधान्य देण्यात आले असून, पदच अस्तित्वात नसल्याने ती प्राधान्याने निकाली काढण्यात येत आहे.'

बहिरू तडक साहेबांच्या खोलीत शिरला.

"साहेब, त्या पाड्यांवर एकही संगणक नाही!"

"मग हे चारशे अकरा कुठून आले?"

"ते कागदावर आहेत, साहेब."

"खाली सही कुणाची?"

"माझी."

"भोये," साहेब मायेने म्हणाले, "शासनाला खोटी माहिती देणाऱ्याची बदली होत नाही, त्याला घरी पाठवतात. तुम्ही काही बोललात का आत्ता? मी काही ऐकलं नाही."

घरी जायचाच तो मार्ग होता म्हणा, पण पगारासकट नव्हता. शेवटी पुन्हा मालनबाईंनीच वाट काढली. नमुना क्रमांक अकरा : स्वीकृती मागे घेणेबाबत. पन्नास जणांनी लिहून दिलं की आम्ही नवी आवृत्ती सोडली, तर तालुका शंभराच्या खाली येतो, प्रोत्साहनाला वाव उत्पन्न होतो आणि पद जिवंत होतं. अट एवढीच की सही प्रत्यक्ष माणसाची हवी. देताना सरकार माणूस बघत नाही, परत घेताना मात्र समोर उभा करून घेतं.

पन्नास कोरे नमुने घेऊन बहिरू पाड्यावर गेला. अंगणवाडीपुढे माणसं जमवली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजे माझ्या नावावर कंप्युटर निघाला?" तानुबाईने विचारलं.

"निघाला, मावशे, पण नुसता कागदावर. मीच लिहिलं ते. खोटं हाय."

"कागदावर हाय ना? मग आज ना उद्या येल."

"नाय येणार गं!"

"घरकुलाचं बी असंच झालं व्हतं. सात वर्सं कागदावर व्हतं, मग आलं का नाय? तवा ज्यांनी नको म्हून अंगठं दिलं, ते बसलेत अजून कुडाच्या घरात."

बिनतोड मुद्दा होता. फकिरा पुढे सरसावला. "पल्याडच्या पाड्याची नावं काढलीस का? नाय ना? मग आमचीच का? आपल्या माणसावरच उलटलास व्हय रे बहिरू?" माणसं उठून गेली. कुणीतरी जाता जाता विचारलं की संगणक येईल तो रंगीत येईल का.

उरली चांगुणा. ती भाकरी थापत होती. बहिरूने एक नमुना तिच्यापुढे धरला.

"तू तरी कर सही. तू केलीस तर बाकीच्या बाया करतील."

चांगुणाने हात पुसले, कागद नीट वाचला आणि घडी घालून परत दिला.

"राहू द्या माझं नाव. पोरगीच्या शिक्षणाला कामी येल."

"अगं, पण मी इथं यायला नको का?"

"यायला पायजे. माझा जीव काय कमी तुटतो? पण तुम्ही पगारी मानूस, आज नाय तर उद्या याल. यादीतनं नाव एकदा गेलं की गेलं. परत कोण घालतं?"

बहिरूला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग रडूच आलं. पोरगी नुकती कुठे जवळ येऊन त्याच्या पिशवीतले कोरे नमुने उलगडून बघत होती. तिच्या हातातून ते हळूच काढून घेऊन तो गाडीला निघाला. यंदाचा लक्ष्यांक चार हजार आहे. बहिरू नाशिकलाच आहे, संगणकही तोच आहे, आणि मुख्यालयातून त्याला हलवू नये असा शेरा साहेबांनी त्याच्या फायलीवर मारून ठेवला आहे.

ही हकिकत ऐकली की शहरातली शिकली-सवरली माणसं चांगुणाला हसतात. न मिळालेल्या वस्तूसाठी नवऱ्याला परगावी ठेवणारी अडाणी बाई म्हणतात. तुम्हीही हसला असाल. हसा, हसायला कुणाची बंदी आहे? फक्त हसून झालं की उठा आणि कपाटातलं आपलं रेशनकार्ड काढून बघा. नऊ वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या बहिणीचं नाव त्यावर अजून आहे. त्याच्या वर वारलेल्या आजोबांचं आहे. ती कमी करायचा अर्ज तुम्ही कधी देताय?