गाठोड्यातला आवाज

"मॅडम, तुमच्या निरोपाचा व्हिडिओ मी एकटीने बनवू?"

हे निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंना विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. त्या खोलीच्या दाराशी भलेभले शिक्षक घाम पुसत उभे राहत, पण आपली तुफान (खरं नाव फक्त हजेरीपुरतं!) सरळ आत घुसली आणि होकार घेऊनच बाहेर आली.

"बाईंना व्हिडिओ आवडला तर मामाकडून आणलेला हा कॅमेरा तुझा," बाबा म्हणाले. "नाहीतर परत!"

"झालाच माझा!"

तुफानची युक्ती साधी होती. कॅमेरा चालू म्हटलं की शिक्षक खांबासारखे ताठ होतात. म्हणून शिक्षकांच्या खोलीत कॅमेरा गुपचूप चालू ठेवून ती म्हणाली, "बसा हं, आलेच मी!" आणि गेली. मोकळे चेहरे हवे होते ना!

घरी दादाच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर सगळं चढवलं. चित्र झकास, आवाज गायब!

"कोडेकचा घोळ," दादा म्हणाला. "कॅमेऱ्याने आवाजाचं गाठोडं बांधलंय, पण त्याची गाठ या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला सुटत नाही. साध्या प्लेअरमध्ये ऐकून तरी घे!"

"वेळ कुणाला आहे? चेहरे बोलतात, दादा!"

मग तिने चेहरे बघून काटछाट केली. चित्रकलेचे सर डोळे पुसताहेत, ठेवा! आणि तिची आई, म्हणजेच शाळेतल्या गणिताच्या बाई, छातीवर हात ठेवून छताकडे बघताहेत. अहाहा! हा शेवट!

कार्यक्रमाच्या सकाळी दादाने पेनड्राइव्ह हातात ठेवला. "सगळ्या फाइल्स दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतल्या. आवाजही आला बघ!"

तुफान त्याच्या गळ्यातच पडली.

सभागृह गच्च भरलं. पडद्यावर चित्रकलेच्या सरांनी डोळे पुसले आणि आवाज घुमला, "खरंच जाताहेत ना? माझा विश्वासच बसत नाही, हसून हसून पाणी आलं!"

आईने पदर तोंडाला लावला, कारण आता पडद्यावर तीच होती. हात छातीवर, नजर छताकडे.

"सुटलो बाई एकदाचे! आता मधल्या सुट्टीत चहा गरम प्यायला मिळेल!"

मुख्याध्यापिकाबाई सावकाश उठल्या, माइकपाशी गेल्या.

"व्हिडिओ फार आवडला. इतकं मनापासून माझ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. आता आनंदाची बातमी. संस्थेच्या आग्रहामुळे मी आणखी एक वर्ष थांबतेय! पुढच्या निरोपाचा व्हिडिओही हीच मुलगी करेल."

संध्याकाळी आई वह्या तपासत होती. लाल पेन कागद फाडेल इतकं दाबून.

"बाईंना आवडला, म्हणजे कॅमेरा तुझाच," बाबा हळूच म्हणाले.

आईने नुसतं वर बघितलं. तुफान दोन पावलं मागे सरकली, दाराची कडी धरली आणि म्हणाली,

"आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या वर्षी तो कोडेक दादाला दुरुस्त करू द्यायचा नाही!"