लाल टॅगवाले खरात

खरात आमच्या सोसायटीत राहायला आले त्याच दिवशी माझ्या चपलांच्या स्टँडला लाल टॅग लागला. दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर बारीक, सुवाच्य अक्षरात: ‘वस्तू: चपलांचा स्टँड. दोष: जिन्याच्या वाटेत. जबाबदार: फ्लॅट २०४. मुदत: आज.’ या माणसाचं सामान अजून टेम्पोतून उतरत होतं, गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या, आणि हा गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर लोकांच्या चपला तपासत फिरत होता. फ्लॅट २०४ म्हणजे मी. सोसायटीचा सेक्रेटरी, नऊ वर्षं.

कारखान्यात भलत्या जागी पडलेल्या वस्तूला असा टॅग लावतात, म्हणजे ज्याची आहे त्यानं ती निमूट उचलायची. खरात चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. रिटायर झाले, पण टॅगांचा गठ्ठा शर्टाच्या खिशात तसाच राहिला. चांगल्या कामाला हिरवा, चुकीला लाल. गणपतीच्या मंडपातल्या स्पीकरला लाल टॅग. एका लग्नात तर हॉलच्या दारातच मांडलेल्या पानाच्या स्टॉलला लावला: ‘दोष: माणूस जेवायच्या आधीच पान खातो.’ मुलीच्या बापानं स्टॉल हलवला, वर यांना नमस्कार केला.

मूळचे परभणीकडचे. आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक. कोणी जरा लांबण लावली की म्हणणार, “मापात बोला.” आणि दुसरी खोड म्हणजे ‘का’. कुठल्याही गोष्टीला पाच वेळा ‘का’ विचारलं की मूळ सापडतं, असं त्यांना कंपनीत शिकवलेलं. एकदा आमचा वॉचमन ड्यूटीवर झोपलेला सापडला. मी त्याला झापत होतो, तर हे मध्ये आले. का झोपला? डबल शिफ्ट केली. डबल का केली? दुसरा वॉचमन सोडून गेला. का गेला? केबिनमध्ये उकडतं. का उकडतं? पंखा नाही. पंखा का नाही? वॉचमन खाली बघत म्हणाला, “अर्ज सेक्रेटरीसाहेबांकडं पडलाय.” भोवती जमलेली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

आता स्पष्टच सांगतो, मी या माणसावर जळतो. आडून आडून बोलायची मला सवय नाही. नऊ वर्षं टाकीत पाणी आहे का बघायला मी गच्चीवर चढलो, तर कोणी ‘चढलात का’ असं विचारलं नाही. आणि हे येऊन चार पुठ्ठे बांधतात तर सगळी सोसायटी ‘खरातकाका, खरातकाका’ करत मागे! आमच्या सुनंदानं एकदा त्यांना डबाभर धपाटी पाठवली, एकटा माणूस आहे म्हणून. डबा घासून परत आला, वर हिरवा टॅग: ‘उत्तम. असेच चालू ठेवावे.’ तो टॅग तिनं फ्रिजवर चिकटवला. मी म्हटलं, यात काय एवढं? तर म्हणाली, “अडतीस वर्षांत तुम्ही एकदा तरी म्हणालात का?” अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग आमच्या गेटसमोर त्या भाड्याच्या विजेवरच्या स्कूटर आल्या. मोबाइलवर बुक करायची, कुठूनही उचलायची, कुठंही टाकायची. फुटपाथवर आडव्या, गटारावर तिरक्या. तरुण पोरं खूश, कारण चिंचवड स्टेशनपर्यंतची रिक्षाची कटकट गेली. आम्ही म्हातारे वैतागलो. पेपरात पत्रं, ग्रुपवर भांडणं, आणि शेवटी क्षेत्रीय कार्यालयात नागरिकांची बैठक. मी तीन पानी भाषण लिहून नेलं. पहिल्याच पानावर माइक बंद पडला, पण त्यानं माझं काही अडत नाही. भोसरीला प्रेसशॉपच्या धडधडाटाशेजारी स्टोअर्समध्ये जन्म गेला, माझं कुजबुजणंसुद्धा दोन गाळे पलीकडं ऐकू जातं. तीनही पानं वाचली. लोक जांभया देत होते.

मग खरात उभे राहिले. “स्कूटर वाकडी लागते, कारण खाली रेघ न्हाई. रेघ मारा, मंग बोलू.” बसले. टाळ्या! माझ्या तीन पानांना एक टाळी नाही आणि या दीड ओळीला हॉल दणाणला. पुढच्याच आठवड्यात परवानगी घेऊन त्यांनी स्वतः गेटसमोर पिवळ्या चौकटी रंगवल्या. पोरांनी त्यांच्याबरोबर सेल्फी काढले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय! मी गॅलरीतून बघत होतो, कोणी खाली बोलावलं नाही.

त्यात पुन्हा गंमत अशी की या गृहस्थाची स्वतःची जुनी गिअरची स्कूटर पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली, किक मारली की सुरू. तरी दर रविवारी सकाळी हे गेटवरची भाड्याची स्कूटर घेऊन कुठंतरी जाणार आणि अकराच्या सुमारास परत येणार. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मध्येच शाळेचं प्रकरण उभं राहिलं. माझी नात इरा चौथीत आहे. तिच्या शाळेनं ठरवलं की दर महिन्याला मुलांचं वजन करायचं आणि वर्गातल्या भिंतीवर तक्ता लावायचा. हिरवं नाव म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जपा, लाल म्हणजे जास्त. पहिला तक्ता लागलासुद्धा. पालकांमध्ये दोन तट पडले. शाळेनं सभा बोलावली आणि आजूबाजूच्या रहिवाशांनाही या म्हटलं. मी मनाशी हिशेब केला. तक्ता, रंग, मोजमाप, म्हणजे खरात याच्या बाजूनं बोलणार. तेव्हा आपण विरोधात. विरोधाचं भाषण घेऊन गेलो.

सभेत एक डॉक्टर आई पोटतिडकीनं बोलली. मुलं बसून असतात, पाकिटातलं खातात, वजन बघायलाच हवं. मला पटत होतं, पण मी मान हलवली नाही. तेवढ्यात खरात उठले. “वजन करा की. कोन नको म्हनतंय? पडद्याआड करा, पाकिटात घाला, आईबापाच्या हातात द्या. भिंतीवर लावू नका.” कोणीतरी विचारलं, काका, तुम्ही तर सगळ्याला टॅग लावता, मग? खरातांनी खिशातल्या टॅगांवर हात ठेवला. “पार्टाला लाल टॅग लावला तर पार्टाला कळत न्हाई. पोराला कळतं.” आणि का, कसं, काही न सांगता खाली बसले.

पुन्हा टाळ्या. माझ्या हातातलं विरोधाचं भाषण आता त्यांच्याच बाजूचं झालं होतं. मी उठलो आणि तिथल्या तिथं तक्त्याच्या बाजूनं बोललो! लोकांना शिस्त हवी, लाज वाटल्याशिवाय सुधारणा नाही, असलं काहीबाही. इराचं नाव पिवळ्यात होतं, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. शाळेनं खरातांचं ऐकलं, तक्ता उतरला. इरा पळत जाऊन त्यांच्या हाताला लोंबकळली. घरी येतानाही त्यांचाच हात धरून चालली.

मग मी हट्टालाच पेटलो. गेटसमोरचा स्कूटरचा थांबा हटवावा, असा ठराव मी सोसायटीच्या सभेत ठेवला. रविवारी संध्याकाळी मतदान. डोकी मोजली तर बरोबरीत होती, सेक्रेटरीच्या शब्दावर पारडं फिरणार. माझी खात्री झाली होती की खरात त्या स्कूटर कंपनीचा माणूस असणार. नाहीतर घरची गाडी सोडून कोण भाड्याची घेईल? म्हटलं, सभेत पुराव्यानिशी उघडा पाडतो. तेव्हा रविवारी सकाळी ते निघाले, तसा मी माझ्या गाडीवर मागे. या वयात पाठलाग! सुनंदाला सांगितलं, कोथिंबीर आणतो.

ते पिंपळे गुरवपर्यंत गेले. एका चारमजली बिल्डिंगसमोर, रस्त्याच्या अलीकडे झाडाखाली थांबले. पलीकडे बिल्डिंगच्या पायरीशी वडापावचा गाडा. हेल्मेट काढलं नाही, काच वर केली नाही, नुसते उभे. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

“शेक्रेटरी? तुमी इथं?”

“ते नंतर. तुम्ही इथं का?” म्हटलं, आज यांचंच औषध यांना पाजतो.

“लेक राहते समोर. वैशाली.”

“मग भाड्याची स्कूटर का?”

“माझ्या गाडीचा आवाज वळखते ती.”

“ओळखू दे की! वर का जात नाही?”

“तिला नको हाय.”

“का?”

मग ते बोलायला लागले, रस्त्याकडे बघतच.

“तेरा वर्षांची होती. जरा अंगानं भरली होती. मी स्वयंपाकघरात चार्ट लावला. दर रविवारी वजन. वर एक रेघ, खाली एक रेघ, कंपनीत असतो तसा. रेघेच्या वर गेली की लाल पेन्सिल. तिच्या आईनं दोनदा फाडला, मी दोनदा नवा लावला. मला वाटायचं, बाप हाय, काळजी करायलोय. एकदा पावणे आलते. पंगतीत पोरीनं तिसरी पुरणपोळी घेतली. मी खिशातला टॅग काढला, ताटाला लावला. सगळे हसले. मी बी हसलो.”

“अहो खरात…”

“त्या दिवसापासनं ती माझ्यासमोर जेवली न्हाई, शेक्रेटरी. सोताच्या लग्नात न्हाई. मी पंगतीतनं उठलो, मंग बसली. आई होती तवर सणाला तरी यायची. आता ते बी न्हाई. रविवारी नात क्लासवरनं येते, या पायरीवर बसून वडापाव खाते. तेवढं बघतो आन जातो. एकदा माझ्या गाडीवर आलो, तर आवाज ऐकून तिनं पोरीला अर्ध्या घासावरनं वर नेलं.”

पाचवा ‘का’ माझ्याच्यानं विचारवला नाही. ठराव तिथंच मेला. संध्याकाळी सभेत मी तो मागे घेतला आणि कारण विचारलं तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पण ते नंतरचं.

तेवढ्यात त्या दोघी कोपऱ्यावरून आल्या. वैशाली चाळिशीच्या आसपासची, बापासारखीच चालणारी. नात सात-आठ वर्षांची, गुबगुबीत, दोन वेण्या. पोरगी पायरीवर बसली, वडापाव हातात आला, आणि तिनं असा काही मोठा घास घेतला की दोन्ही गालांना चटणी लागली. पाय हलवत, मान डोलवत खात होती. मी खरातांकडं पाहिलं. काचेच्या आत ओठ हलत होते. “खायली बघा,” ते म्हणाले. “खायली.”

माझी नात रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवते. ती कशी खाते हे मी कधी मान वर करून पाहिलेलं नाही, माझं लक्ष टीव्हीकडं. खरं सांगतो, तेवढ्यातही मला त्या माणसाचा हेवा वाटला. डोळे भरून आले आणि तोंडातून निघून गेलं, “अहो खरात, कसली गोड आहे हो!”

मी आपलं हळूच बोललो होतो. पण माझं हळू बोलणं रस्ता ओलांडून पलीकडं गेलं.

वैशालीनं झटकन वर पाहिलं. आधी माझ्याकडं, मग हेल्मेटकडं. “झालं,” खरात म्हणाले. “आता नेईल वर.” मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. इतके दिवस या माणसावर जळलो आणि शेवटी त्याचा एवढासा रविवारसुद्धा मी घालवला.

पण ती पोरीला घेऊन गेली नाही. गाड्यापाशी गेली, अजून एक वडापाव घेतला. मला वाटलं लेकीसाठी. ती परत येऊन पायरीवर बसली, आमच्याकडं तोंड करून, आणि स्वतः खायला लागली. हळूहळू. एकेक घास चावून. नजर हेल्मेटवरून हलवली नाही. रागानं खात होती की कशानं, मला सांगता येणार नाही. हसत मात्र नव्हती.

खरातांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडलं. दोन्ही हातांनी पट्टा काढायला लागले, तो काही निघेना. मी काढून दिला. हेल्मेट उतरवून त्यांनी ते छातीशी धरलं. केस घामानं चिकटलेले, तोंड भिजलेलं.

वैशालीचा हात थांबला. शेवटचा घास उरला होता. बाप आणि लेक, मध्ये रस्ता, रिक्षा जातायत, एक पाण्याचा टँकर गेला. तो गेल्यावर पाहिलं तरी तिचा हात तसाच होता.

“खा गं माय,” खरात म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की मलाही जेमतेम ऐकू आलं.

तिनं त्यांच्या तोंडाकडं बघत तो घास खाल्ला.