श्रीमंत डबेराव यांस गवत पेलवले त्याची हकीकत

श्री. वाचणारांस उदंड आयुष्य, ऐकणारांस धीर आणि लिहिणाराचे बोटांस बळ असो. घरच्या दौलतीत मोठा रणसंग्राम जाहला, त्यात कोण झुंजले, कोण हटले, कोणाचा मनसुबा कशाने फसला आणि फत्ते कैसी जाहली, हे सर्व तिखटमीठ न लावता, लावलेच तर चवीपुरते, येथे नमूद केले आहे. येणेप्रमाणे हकीकत.

दिवाणखान्याचे ईशान्य कोपऱ्यात, खिडकीचे अलीकडे आणि चपलांच्या मांडणीचे पलीकडे, श्रीमंत डबेराव नामे घरचा कॉम्प्युटर तैनात होता. कोणे काळी तीर्थरूप बाबांनी पहिली बढती मिळाली ते समयी त्यास मोठ्या थाटाने घरी आणिले, आणि तारुण्यात त्याने पत्ते खेळविले, अर्ज छापिले, मामांच्या लग्नाचे तमाम फोटो पोटात साठविले. परंतु काळापुढे कोणाचे चालते? डबेराव थकले. सुरू होण्याचा हुकूम द्यावा, मग आंघोळ उरकावी, केस विंचरावे आणि परत येऊन पाहावे तो स्वारी नुकती डोळे किलकिले करीत असे, आणि पोटातला पंखा ऐसा आक्रोश करी की खालच्या मजल्यावरील काकू मिक्सर बिघडला काय म्हणून चौकशीस येत.

आता या घरचा कायदा सांगणे जरूर. बाबांची सक्त ताकीद होती की नव्या वस्तूवरील प्लास्टिक कोणी काढू नये. सबब टीव्हीचा रिमोट प्लास्टिकात, फ्रिजची मूठ प्लास्टिकात, जेवणाच्या खुर्च्या प्लास्टिकात, आणि वजनाच्या काट्यावरही प्लास्टिक, त्यामुळे आकडा धूसर दिसे आणि तेवढ्यापुरता आईसाहेबांस तो कायदा मंजूर होता. या बंदोबस्ताने वस्तू झिजून मोडे, परंतु मोडेपर्यंत नवी राहात असे.

या दौलतीची कन्या भिंगरी. नाव ऐसे, परंतु शाळेत ती कैक वर्षे मागल्या बाकावर मुकाट बसे, उत्तर येत असूनही हात वर करीत नसे. मग यंदा चित्रकलेच्या बाईंनी वर्गात पुकारा केला की वार्षिक कार्यक्रमाचे आरंभी दाखवावयास एक कार्टूनपट पाहिजे, कोण करील? आणि भिंगरीचा हात तिला न विचारता वर गेला. तमाम वर्ग मागे वळला. पहिल्या बाकावरील हुशारराणी, जिचा हात कायमचाच वर असे, तिने विचारिले, "तू?"

"हो, मी," भिंगरी म्हणाली, आणि हे आपणच बोललो की काय म्हणून स्वतःच चकित जाहली. बाईंनी कार्यक्रमाचे दिवसाची, म्हणजे सोमवारची, मुदत घातली.

कार्टूनपटाचा विषय गोगलगाय. ती भिंतीवरून उतरते, अंगणातले गवत पार करिते आणि पलीकडच्या पानावर जाऊन निजते, इतकीच कथा, परंतु भिंगरीने आठवडाभर डबेरावांपुढे बसून हट्टाने गवताचे पाते न् पाते निराळे हलते केले. चित्रे जुळवून सलग पट तयार करण्याचा हुकूम सुटला. गोगलगाय भिंतीवरून उतरली. अंगणात आली. गवत लागले, आणि डबेराव हुं म्हणून एकदा कण्हले आणि मूर्च्छित पडले. पुन्हा उठविले, पुन्हा गवत, पुन्हा मूर्च्छा. गोगलगाईस अंगण काही ओलांडवेना.

तेव्हा जेवणाच्या टेबलावर मसलत बसली. बाबांनी फर्मान काढिले की नवा कॉम्प्युटर घेणे नाही, खजिन्याचा नुकताच वॉशिंग मशीनने फडशा पाडिला आहे, सबब मोबाइलवर होईल ते करावे. भिंगरीचे डोळे भरून आले. मग आईसाहेब, ज्या भांडण मिटविण्यात आणि वेळप्रसंगी लावण्यातही निष्णात, त्यांनी तोड काढिली की नवा नको तर नको, यालाच औषधपाणी करू. भिंगरीने शाळेच्या सहलीवर पाणी सोडिले आणि आपला गल्ला फोडिला, आईसाहेबांनी नव्या चपलांची मोहीम पुढील हंगामावर ढकलिली, आणि बाबांनी उदार होऊन आपला स्क्रूड्रायव्हर दौलतीस अर्पण केला.

मग मायलेकी बाजारात स्क्रूकाकांकडे दाखल जाहल्या. हे सुटे भाग विकणारे दुकानदार, खिशात सदा स्क्रू खुळखुळत, त्यावरून हा किताब. त्यांनी लक्षणे ऐकून सल्ला दिला की एकदम एवढे काम अंगावर घ्यावयास वापरलेली का होईना पण मोठी रॅम घ्यावी, झटपट उठावयास जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी घ्यावी, आणि डोके थंड राहावयास नवा पंखा घ्यावा. पंख्याखाली धातूचा जाड ठोकळा असतो, तो प्रोसेसरची, म्हणजे डबेरावांचे डोक्याची, उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर फुंकतो, हेही समजावून दिले. मग भावावरून तुंबळ युद्ध जाहले.

"ताई, एवढ्यात मला परवडत नाही हो."

"आम्हाला तरी कुठे परवडतंय? म्हणून तर तुमच्याकडे आलो!"

काकांनी शरणागती पत्करिली, वर ठोकळ्यास लावावयाचे करडे मलम नजराणा म्हणून दिले.

शनिवारी सकाळी डबेरावांचे उदर उघडिले. आत धुळीची ऐशी गादी जमली होती की तीत उशी भरावी, आणि त्या गादीत एक पिन आणि सहामाहीत हरवलेले खोडरबर सुखरूप सापडले. भिंगरीने रॅम खाचेत धरून श्वास रोखून दाबिली, टक् ऐसा आवाज जाहला, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढिले. एसएसडीही तिनेच जोडिली आणि जुन्या डिस्कमधले सर्व तीत उतरवून घेतले. परंतु पंख्याची पाळी येताच बाबांनी फर्माविले की हे जोखमीचे काम वडील माणसाचे, आणि ते कॅबिनेटवर ऐसे ओणवे जाहले की त्यांच्या पाठीखेरीज कोणास काही दिसेना. मलम लाविले, स्क्रू पिळिले, झाकण लाविले.

बटण दाबिले मात्र, आईसाहेब खुर्चीवरून उठतात न उठतात तो डबेराव हजर! भिंगरीने घरभर दोन फेऱ्या नाचून घेतल्या आणि पट जुळविण्याचा हुकूम सोडिला. गोगलगाय उतरली. अंगणात आली. गवत लागले. अंधार.

पुन्हा केले, पुन्हा अंधार. बाबांनी रॅमवर फितुरीचा आरोप ठेविला, "वापरलेली घेतलीत ना, भोगा आता." आईसाहेबांनी स्क्रूकाकांवर ठेविला. मग दोघांत जुंपली आणि भिंगरी न्हाणीघरात जाऊन आरशापुढे उभी राहिली, आणि सोमवारी काय म्हणावे ते घोकू लागली, की बाई, नाही जमलं. ते वाक्य इतके सहज तोंडात बसले, इतक्या जुन्या ओळखीचे निघाले, की तिला त्याचीच भीती वाटली. मागल्या बाकावरचे वाक्य ते. एकदा म्हटले की पुन्हा तिथेच बसणे आले.

ती तडक बाहेर आली आणि डबेरावांस पुनश्च गवतात घातले, परंतु या खेपेस पडद्याकडे न पाहता त्यांचे पाठीमागे, वारा बाहेर पडतो तेथे, हात धरून बसली. पंखा जोरात फिरत होता, आणि वारा येत होता तो गार. डबेराव कोसळले तेव्हाही गारच. भिंगरी विचारात पडिली. डोके तापून मूर्च्छा येते, तर वारा गरम पाहिजे. वारा गार, याचा अर्थ उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही, मधे कोणीतरी दबा धरून बसले आहे. पण कोण?

त्याच क्षणी सोफ्यावर बाबा रिमोटशी झगडत होते. प्लास्टिकवरून बटण दाबीत, ते लागत नसे, पुन्हा दाबीत. "अरे लाग ना मेल्या!"

भिंगरी ताडकन उठली.

"बाबा, त्या पंख्याच्या बुडाला प्लास्टिक होतं?"

"होतं की. मस्त पातळ, गुळगुळीत."

"काढलंत?"

"छे! इतकं बेमालूम चिकटवून दिलंय त्यांनी, ते कशाला काढू?"

"त्यावर काही लिहिलं नव्हतं?"

"होतं ना. लाल अक्षरात. बसवण्यापूर्वी हे काढा म्हणून." बाबा समजुतीने हसले. "अगं, ते लिहितातच तसं. वस्तू लवकर खराब व्हावी म्हणून."

आईसाहेब हसता हसता मटकन खुर्चीवर बसल्या, आणि खुर्चीचे प्लास्टिक कर्रकन बोलले, त्याने त्या आणखीच हसल्या.

झाकण पुन्हा उघडिले. ठोकळा उपटून पालथा केला तो बुडाशी गनीम स्पष्ट दिसला, पारदर्शक, अंगास मलम फासून निवांत पहुडलेला. भिंगरी नखाने तो एका झटक्यात ओढू शकत होती. परंतु तिने बाबांचे तोंड पाहिले. हे प्लास्टिक त्यांनी काही द्रोहाने ठेविले नव्हते. लेकीची वस्तू चांगली राहावी, टिकावी, इतकाच त्यांचा इरादा होता, आणि आता ते शाळेत चुकलेल्या पोरासारखे उभे होते. तिने ठोकळा त्यांच्यापुढे धरिला.

"तुम्हीच काढा."

"मी?"

"हो. जोखमीचं काम आहे, वडील माणसाचं."

बाबांनी डोळे मिटले आणि नखाने कोपरा धरून ते सोलिले. चर्र आवाज जाहला. उभ्या हयातीत त्यांच्या हातून नव्या वस्तूचे निघालेले हे पहिले प्लास्टिक होय. मग मलम नव्याने लाविले, स्क्रू भिंगरीने पिळिले, आणि पट सुरू करून तिघांनीही डबेरावांचे मागे आपापले हात धरिले.

"गरम वारा!" बाबा ओरडले. "गरम आहे गं! मस्त गरम!"

गोगलगाईने भिंत सोडिली, गवतात शिरली, पाते न् पाते हलले, आणि ती अंगण ओलांडून पानावर जाऊन निजली.

परंतु फत्तेचा अंमल बाबांच्या डोक्यात चढला होता. त्यांची नजर मॉनिटरकडे गेली, त्याचे कोपऱ्यास नख लागले, आणि त्यावरील प्लास्टिक, जे इतक्या वर्षांत धुरकट होऊन काचेचाच भाग जाहले होते, ते सरसर सोलून निघाले. आणि तिघांचेही डोळे दिपले. धुरकट पडद्यातून गवत मळके दिसे म्हणून भिंगरीने आठवडाभर त्यात हिरवा ओतला होता, ओतला होता, तो सर्व एकदम बाहेर पडिला.

"हे गवत आहे का पोपट?" आईसाहेबांनी विचारिले.

 भिंगरीने डबेरावांचे पाठीवर थाप मारिली आणि रविवारी सारे रंग नव्याने भरून तोच पट पुन्हा करविला. ज्यांस एक वेळ गवत पेलवत नव्हते त्यांनी ते दुसऱ्यांदा पेलिले, आणि रात्रीचे जेवण वाढेतो काम फत्ते करून दिले. कण्हले नाहीत.

सोमवारी भरल्या सभागृहात गोगलगाय भिंतीवरून उतरली. गवतात आली तेव्हा भिंगरीने सवयीने श्वास रोखिला. अंधार जाहला नाही. गवत हलले, गोगलगाय पानावर निजली, आणि टाळ्या पडल्या. पुढल्या रांगेतून हुशारराणी वळली.

"तू? ते गवत पण तूच?"

"हो, मी," भिंगरी म्हणाली, आणि या खेपेस चकित जाहली नाही.

ऐशी ही मोहीम सुफळ जाहली. गवत काबीज केले, डबेरावांची गादी कायम राहिली, रिमोट, मॉनिटर आणि फ्रिजची मूठ ही ठाणी प्लास्टिकापासून सोडविली. वजनाचा काटा तेवढा आईसाहेबांचे खास विनंतीवरून पूर्ववत ठेविला. शाळेने भिंगरीस जाड कागदावर प्रशस्तिपत्र दिले, ते बाबांनी दोन्ही हातांनी घेतले, आणि कोणास न सांगता बाजारात जाऊन संध्याकाळी परत आणिले तेव्हा ते पुढून मागून चकचकीत प्लास्टिकात बंद होते.

"टिकायला हवं ना," बाबा म्हणाले.

आणि भिंगरीने ते तसेच भिंतीवर लाविले.