स्थानिक परिस्थितीशी सुसंगत ब्रेक

जळगावचे डाळमिलवाले शालिग्रामनाना यांच्या गाडीत ब्रेकचा पिवळा दिवा लागला आणि तो विझेना. ब्रेक व्यवस्थित लागत होते. पण सर्व्हिस सेंटरच्या कुंदनने गंभीरपणे खुलासा केला, की ब्रेक लागतात हे नानांना मान्य असले तरी ब्रेक सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला मान्य नाही. त्याचे प्रोग्रॅमिंग नव्याने करावे लागेल, आणि ती सोय फक्त धुळ्याला आहे. अशी गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे असल्याने नानांनी ती स्वतः चालवत धुळ्याला न्यावी, असेही त्याने सुचवले.

नाना शहरातल्या एका रस्ता सुरक्षा समितीचे मानद सदस्य होते. धुळ्याच्या वर्कशॉपात इंजिनिअर दीपमालाताईंनी गाडीला लॅपटॉप जोडला, नवे प्रोग्रॅमिंग भरले आणि बजावले, की ही आवृत्ती शिस्तीची आहे. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की गाडी आपोआप थांबते आणि तो पलीकडे जाईपर्यंत हलत नाही. नानांना भरून आले. देशाला नेमके हेच हवे आहे, या विषयावर त्यांनी तिथेच छोटेसे भाषण केले.

दुसऱ्या दिवशी नाना सुरक्षा सप्ताहाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून निघाले. वाटेत भाजीची पिशवी घेऊन सुगंधाबाई पांढऱ्या पट्ट्यांवर उतरल्या आणि गाडी थांबली. बाईही थांबल्या. आपल्यासाठी कुणी गाडी थांबवल्याचे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. यात काहीतरी डाव असणार, अशी त्यांची खात्री झाली. नानांनी काच खाली करून हात जोडले, अक्का म्हणून विनवले.

"तुम्ही जा भाऊ पहिले," बाई म्हणाल्या. "माले काही घाई नही शे."

बाई जाईनात म्हणून गाडी हलेना, आणि गाडी हलेना म्हणून बाई जाईनात. मागे रिक्षा, टेम्पो आणि शाळेची बस यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी वाहतूक पोलीस आला.

"नाना, बाई ओळखीच्या आहेत का?"

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

नानांनी बरीच वर्षे रस्ता सुरक्षेवर भाषणे दिली होती, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल समज घेऊन ते उद्घाटनाला पोचले, तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते.

तिथून ते तडक धुळ्याला गेले. दीपमालाताईंनी धीर दिला. सगळ्याच ग्राहकांची हीच तक्रार असल्याने कंपनीने स्थानिक परिस्थितीशी सुसंगत अशी सुधारित आवृत्ती तातडीने काढली होती. तिच्यात गाडीला माणूस दिसतो. फक्त त्याची दखल घेतली जात नाही. नानांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

काम होईपर्यंत चहा घ्यावा म्हणून ते बाहेर पडले. टपरी रस्त्यापलीकडे होती. ते पांढऱ्या पट्ट्यांवर उभे राहिले, हात वर केला, छातीवरचा समितीचा बिल्लाही पुढे केला. एकही गाडी थांबेना. लोकांत माणुसकी म्हणून उरली नाही, असे ते पुटपुटत असतानाच एक गाडी हॉर्न वाजवत त्यांच्या चपलेला घासून गेली.

ती तुमची होती. तुम्ही घाईत होतात, म्हणून लक्षात नसेल.