मापाचं माप काढणारा सोपान

माझ्या लग्नात अक्षता पडायच्या बेतात असताना सोपानने भटजींना थांबवलं.

“गुरुजी, तुमचं घड्याळ कशाशी लावलंय?”

“एसटी स्टँडच्या घड्याळाशी.”

“आन् ते कशाशी?”

मी मुंडावळ्यांआडून दातओठ खात होतो. सोपानने रेडिओशी लावलेलं स्वतःचं घड्याळ गुरुजींच्या मनगटावर बांधलं, तेव्हा कुठे माझं लग्न लागलं.

ओतूरमधला हा माझा शेजारी आणि वर्गमित्र. एका जागी बूड टेकेल तर शपथ! डेअरीत दुधाचं माप तपासणार, दवाखान्यात डॉक्टरांचा थर्मामीटर. “राव, मापाला बी माप लागतं,” हे पालुपद वर.

नोकरीही तसलीच मिळाली. ताऱ्यांचे एक्स-रे टिपणारं यंत्र उपग्रहातून वर जाण्याआधी तपासायचं. इंदूरला एक भलंमोठं गोल यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन गरगर फिरतात आणि किरण सोडतात. ते किती, हे गणिताने आधीच कळतं.

“ठावकी असलेला उजेड टाकायचा, आन् आपलं यंत्र काय बोलतंय ते बघायचं. एकदा वर गेलं की तिथं पाना घेऊन कोण जाणार?”

गावी त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, एकटी. त्याचा फोन आमच्या घरी यायचा. काकूंचं उत्तर ठरलेलं, “बरी हाय.” सोपानचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

“आई, आधी ह्याला शिव्या घाल.”

हा म्हणजे मी! काकू मनापासून माझा उद्धार करायच्या आणि त्या जोरावरून सोपान तिकडे तब्येत ओळखायचा.

वर्षभर वाट पाहून त्याला इंदूरच्या यंत्रावर चार दिवस मिळाले. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. काकू तापाने फणफणल्या होत्या, पण “त्याला सांगू नगं, काम हाय त्याचं,” असं त्यांनी मला बजावलं होतं. मी मूर्ख, ऐकलं.

“बरी हाय,” काकू फोनवर म्हणाल्या. शिव्यांची पाळी आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“जाऊ दे रं. गुणाचं हाय पोरगं.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान दारात. आम्ही काकूंना नारायणगावला दवाखान्यात नेलं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी काकूंनी डोळे उघडले. “तुजं यंत्र रं?”

दुसऱ्याने मोजलेलं सोपानने जन्मात खरं मानलं नव्हतं.

“बाकीचे मोजत्यात, आई,” तो तिचे पाय चेपत म्हणाला. “बरोबरच मोजतील.”

हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.