कानातला कापूस

त्या बुधवारी मी शांत व्हायचं ठरवलं. ठरवलं ते एवढंच. त्याला सामानही फार लागलं नाही. एक सतरंजी, एक भिंत आणि उशीतून ओढून काढलेला चिमूटभर कापूस. तेवढ्या सामानावर बायको घर सोडून जाऊ शकते, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेलही. मला ऐकू आलं नसेल.)

मी आर्वीजवळच्या खेड्यातला. आमच्या गावात दुपारी इतकी शांतता असे की शेजारच्या गोठ्यात म्हैस रवंथ करायला लागली तर आमच्या ओसरीवर कळायचं. तिथून उठून मी भिलाईला कारकून म्हणून आलो. म्हणजे जिथे अख्ख्या देशाचं लोखंड एकदमच तयार करायला घेतलं होतं, नेमका तिथे. सकाळी डोळ्यांच्या आधी कान उघडायचे. जमिनीत खांब ठोकणारी यंत्रं, डंपर, भोंगे, पत्र्यावरचे हातोडे, आणि या सगळ्याच्या वर आवाज चढवून तेलुगू, पंजाबी, बंगाली आणि रशियन बोलणारी माणसं. सेक्टरातल्या आमच्या नव्या क्वार्टरच्या खिडकीची काच दिवसभर थरथरायची. मीही थरथरायचो. फरक इतकाच की काचेला साहेब केबिनमध्ये बोलावत नसे.

त्यातून पहिली भट्टी पेटवायचा समारंभ तोंडावर आला. दिल्लीहून मोठे पाहुणे येणार होते, आणि त्यांच्या खुर्च्या, कनाती, हार आणि जीपगाड्या यांचा एकमेव कारकून मी होतो. खुर्च्या आल्या तर कनाती येत नसत, कनाती आल्या तर जीप बिघडे. आमचे हेडक्लार्क गुलाबराव मला हाक मारायला तोंडच वापरत. त्यांना फोनची गरज नव्हती. दोन इमारती पलीकडून "देवराऽऽव!" ऐकू आलं की झाडावरचे कावळे आधी उडत आणि मग मी.

घरी यावं, तर दारात रत्नमाला.

रत्नमाला म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर तिला आर्वीहून आणली होती. आमच्या एका बाजूला तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूला पंजाबी, मागच्या अंगणाला लागून छत्तीसगढी मैनाबाई. त्या गल्लीत मराठी कळणारा एकच माणूस होता, आणि तो संध्याकाळी येऊन डोक्यावर उशी घेऊन झोपायचा. मी सायकल भिंतीला टेकवायच्या आत ती सुरू व्हायची.

"अवं, आइकलं का? आज न्—"

"उद्या सांग."

उद्यापर्यंत त्यात आणखी एका दिवसाची भर पडलेली असायची.

आमच्या ऑफिसात एक मद्रासी टायपिस्ट होता. जेवणाच्या सुट्टीत तो खुर्चीतच डोळे मिटून बसे आणि उठला की त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा दिसे. मी त्याला युक्ती विचारली. तो म्हणाला, "श्वासाकडे बघा. विचार येतील, जाऊ द्या. आवाज येतील, जाऊ द्या." मी बसून पाहिलं. विचार आले आणि गेले. आवाज मात्र आले ते बिछाना टाकून राहिले. तेव्हा मला वाटलं, आवाज आल्यावर त्यांना घालवण्यापेक्षा मुळात आत घ्यायचेच कशाला? कापसाची कल्पना ही अशी सुचली. (आमच्या भागात जन्म कापसात जातो. सुचणार दुसरं काय?)

त्या बुधवारी सकाळपासून तीन माणसं माझ्यावर ओरडून झाली होती, त्यातलं एक रशियन. दुपारी घरी आलो, जेवलो, रत्नमालेला म्हटलं, "मी आता जरा ध्यानात बसून राहिलो. मले बोलावू नको." मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर बसलो, तेलाचा हात लावून कापूस कानात सारला आणि डोळे मिटले.

काय सांगू! ओसरीच आली हो समोर. ऊन, गोठा, म्हैस, सगळं. खांब ठोकणारं यंत्र कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या गावात चालल्यासारखं वाटायला लागलं. इतक्या दिवसांनी माझे खांदे जागच्या जागी बसले.

थोड्या वेळाने खांद्याला हात लागला. डोळे उघडले तर रत्नमाला समोर वाकलेली. तिच्यामागे माझा मेहुणा पुंडलिक, जो दुर्गला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. रत्नमालेचे ओठ हलत होते. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कांदा. मला वाटलं, भाऊ आला, त्याला चहा करते म्हणून सांगत असेल. मी अगदी प्रेमाने हसलो आणि मान डोलवली. ती पुन्हा काही बोलली. मी पुन्हा डोलवली. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी दोन्ही हातांनी, 'अवश्य, अवश्य' अशी खूण केली. चहाला इतकं काय विचारायचं?

मग डोळे मिटले.

तो कापूस मी तसाच ठेवून ऑफिसात गेलो, ही माझी दुसरी हुशारी. तिथलं दृश्य तर फारच सुंदर होतं. गुलाबराव तोंड उघडत होते, मिटत होते, हात हलवत होते. तळ्यातला मोठा मासा पाहावा तसा मी त्यांना पाहत होतो. मोठे साहेब आले. त्यांनी काहीतरी विचारलं. मी हसून मान डोलवली. साहेबांचा चेहरा उजळला. माझा हात हातात घेऊन त्यांनी तो दाबला. (नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.) शांत माणसाचा प्रभाव पडतो तो असा, असं मनाशी म्हणून मी कामाला लागलो.

ऑफिस सुटायच्या वेळी गुलाबरावांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की एका कानातला कापूस बाहेर पडला. दुसरा मी काढला.

"मानलं बुवा तुमाले, देवराव!"

"काय झालं?"

"काय झालं काय? नागपूरचे ते इंजिनियर लोक कँटीनच्या जेवनाले कंटाळले. साहेब म्हनले, कोनाच्या घरी झुणका-भाकर भेटेल का? आमी सारे खाली पाहून राहिलो, अन् तुमी एकदम हो म्हनले! चार-पाच जन हाय. अंधार पडल्यावर येतेत."

मी सायकल काढली ती घंटी वाजवतच. बायकोला निदान पीठ भिजवायला तरी वेळ मिळायला हवा होता.

घराला कुलूप होतं.

मागच्या कुंपणावरून मैनाबाईने किल्ली पुढे केली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बायका दुसऱ्या बाईला रडवणाऱ्या नवऱ्याकडे पाहतात.

"बाई त टेसन गे हे, भाई संग," ती म्हणाली. "अब्बड़ रोवत रिहिस गा."

रडत होती. खूप रडत होती. म्हणजे कांदा नव्हता.

मी आत गेलो. खुंटीवर तिचं लुगडं नव्हतं. पलंगाखाली ट्रंक नव्हती. चुलीपाशी माझ्यासाठी भाजी झाकून ठेवलेली होती. त्या झाकणाकडे पाहिलं आणि मी तसाच उलट पावली सायकलकडे धावलो.

भावाबरोबर स्टेशनवर, म्हणजे पुंडलिकच्या दुर्गला. तिथपर्यंत सायकल कशी मारली ते मला आठवत नाही. नागपूर पॅसेंजर लेट होती. (रेल्वेचे माझ्यावर फार उपकार आहेत.) फलाटावर रत्नमाला ट्रंकेवर बसली होती, पुंडलिक शेजारी शेंगा सोलत उभा.

"कावून आले?" ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

"तू कावून चालली?"

"तुमाले विचारूनच तं चालली. म्या म्हनलं, माह्यानं इथं राहवत नाही, आईकडे जाऊ का? तुमी हासले. म्या म्हनलं, लय दिवसांसाठी जाईन बरं. तुमी मान डोलवली. म्या म्हनलं, परत नाही आली तरी चालन का?"

ती थांबली. पुढचं पुंडलिकने पुरं केलं. "तवा तुमी दोन्ही हातानं 'जाय, जाय' केलं, भाऊजी. इतका खुश झालेला नवरा म्या पयल्यांदाच पाह्यला."

"मले आइकूच नाही आलं! कानात कापूस होता!"

"कापूस?"

"शांत बसाले."

आता ती माझ्याकडे पाहायला लागली. "म्हंजे माह्या बोलन्याचा तरास होते."

"तुह्या नाही वं. त्या कारखान्याचा, गुलाबरावचा..."

"तुमाले दिवसभर आवाज हाय जी. मले काय हाय? दरवाजा लावला का मी अन् ते खिडकीची काच. ते बी थरथरते, बोलत नाही. बाजूची बाई हासते, मी हासते. मंग दोघीबी घरात जातो. परवा मी कढईले सांगितलं, का आता फोडणी देऊन राहिली बरं. कढईले! माह्या तोंडातली बोली गंजून राहिली. संध्याकाळ होते, तुमची सायकल वाजते, मले वाटते आता बोलाले भेटन. अन् तुमी म्हनता, उद्या."

मी ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. म्हटलं, "सांग. आज काय झालं ते सांग."

"आजचं काय सांगू? आज तं तुमी मले हाकलूनच देल्लं."

"मंग दिवाळीपासून सांग."

ती ट्रंकेवर जरा सरकून बसली. मग हळूहळू सुरू झाली. दूधवाला 'पाव' म्हणतो तो पावशेर, आणि ही बेकरीतला पाव समजली ते. तेलुगू बाईने हळदीकुंकवाला हाताने खुणा करून बोलावलं, तर ती पाटावरवंटा मागते समजून ही वरवंटाच घेऊन गेली ते. स्वप्नात आई आली आणि तीही पंजाबी बोलायला लागली ते. पुंडलिकच्या शेंगा संपल्या. मालगाडी धडधडत गेली, हमालांची भांडणं झाली, वाफ सोडत इंजिन समोरून गेलं, आणि मला यातलं काही म्हणजे काही टोचलं नाही. माझे दोन्ही कान उघडे होते आणि माझ्या आत त्या ओसरीसारखं निवांत होतं. इतके दिवस मी भिंतीकडे तोंड करून काय शोधत होतो, कोण जाणे.

पॅसेंजर आली. रत्नमालेने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि भावाला म्हणाली, "राहू दे रे ट्रंक. नाही जात मी."

त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. आयुष्यात गप्प बसायचा एकच क्षण माणसाला दिलेला असेल, तर माझा तो होता. पण मला आनंद झाला होता. मी म्हणालो,

"लय बरं झालं वं! घरी चार-पाच इंजिनियर जेवाले येऊन राहिले!"

फलाटावर मी म्हणतो ती शांतता पसरली.

"म्हंजे," रत्नमाला सावकाश म्हणाली, "तुमी भाकरीसाठी आले."

ती गाडीत चढली. पुंडलिकने ट्रंक चढवली, स्वतः चढला आणि खिडकीतून मला नमस्कार केला. त्याला काही बोलायचं असावं, पण हसू आवरत नव्हतं.

इंजिनियर आले, तेव्हा मी पिठाचा डबा शोधत होतो. माझा झुणका खाली लागला आणि वर कच्चा राहिला. त्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ उठून आत आले, माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि स्वतः भाकऱ्या थापल्या. बिचारे जाताना माझेच आभार मानून गेले.

त्यानंतर मला हवं होतं ते सगळं मिळालं. घरी यावं, तर दारात कोणी नाही. कोणी "आइकलं का" म्हणत नाही. मी सतरंजी घालून बसलो. कापसाची गरजच नव्हती. डोळे मिटले तर ओसरी येईना, म्हैस येईना. झाकून ठेवलेली भाजी तेवढी येई. एकदा पोळी भाजताना मी तव्याला म्हटलं, "आता उलटवतो बरं." तवा काही बोलला नाही. मला तिचं म्हणणं पटलं.

भट्टी पेटली. खुर्च्या पुरल्या, हार पुरले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीत उभं राहून मी पाहत होतो आणि मनात आलं, हे सगळं मी घरी जाऊन सांगू कोणाला?

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. पुलगावाहून छोट्या गाडीने आर्वी गाठली. रत्नमाला अंगणात तूर निवडत होती. मी म्हटलं, "चाल. तुह्या हातचं काई नको मले. खानावळ लावली मी. तू फक्त बोलाले चाल." तिने निवडलेली तूर पुन्हा न निवडलेल्या तुरीत ओतली आणि हसली. तेव्हाच मला कळलं, येते म्हणून.

परतीच्या गाडीत ती पुलगावपासून बोलायला लागली ती दुर्ग आलं तरी थांबली नव्हती. समोरच्या माणसाने गोंदियाला जागा बदलली. मी नाही बदलली.

क्वार्टरच्या दारात मैनाबाई उभी होती. तिने रत्नमालेला जवळ घेतलं आणि छत्तीसगढीत भडाभडा काहीतरी विचारलं. रत्नमालेने वऱ्हाडीत भडाभडा उत्तर दिलं. एकीला दुसरीचं अर्धंमुर्धंच कळत असावं, पण त्याने कोणाचंच अडलं नाही. सामान मी एकट्यानेच आत नेलं.

पहिल्या संध्याकाळी मी ऑफिसातून सायकल दामटत आलो. हातपाय न धुताच पायरीवर बसलो आणि म्हणालो, "हं. सांग."

"काय सांगू?"

"दिवसभर काय झालं ते."

"ते तं सांगून झालं मैनाबाईले," रत्नमाला म्हणाली. "आता पुन्हा कोन तोंड दुखवते? जेवाले चाला."

आता मी रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभा राहतो. पलीकडून मैनाबाईचा नवरा दयाराम येतो. त्याला आमच्या घरातलं बायकोकडून थोडंफार कळलेलं असतं. तेवढं तो मला सांगतो. काल त्याच्याकडूनच समजलं की पुढच्या महिन्यात माझी सासू आमच्याकडे कायमची राहायला येते आहे.

"तोला नइ पता?" दयारामने विचारलं.

"पता है ना," मी म्हणालो. "अपनेच घर की बात है."