जावईबापूंची रेड

"एक डिस्क जळू दे, सडू दे, उंदराने कुरतडू दे! फोटोंना ढिम्म काही होत नाही!"

सुधन्वाचं हे सकाळपासून घरात सगळ्यांना ऐकवून झालं होतं. दूधवाल्यालासुद्धा! तो नोएडातल्या एका कंपनीत कॉम्प्युटर विकायचा आणि विकता विकता आपल्याला त्यातलं सगळं कळायला लागलंय, असा त्याचा ठाम समज झाला होता.

आज निमित्तही मोठं होतं. सासरे मारुतराव आणि सासूबाई शेवंताबाई यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मारुतराव फौजेतले रिटायर्ड सुभेदार. गाव साताऱ्याकडचं, संसार मात्र सगळा छावण्यांमधून झालेला. त्यांचे जुने फोटो नातेवाइकांच्या ट्रंकांत पडून वाळवीच्या पोटात चालले होते. सुधन्वाने ते गोळा केले आणि तुकडे हातात यायच्या आत स्कॅन केले. आता ते फक्त एका काळ्या डब्यात होते. डबा चपलांच्या खोक्याएवढा, आत चार डिस्क, खणासारख्या ओढून काढता येणाऱ्या. संध्याकाळी पाहुण्यांसमोर टीव्हीवर फोटो दाखवायचे, असा बेत होता.

"चारही डिस्कवर माल असा वाटून ठेवलाय की एक गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं काम भागवतात. याला रेड म्हणतात, बाबा!"

"म्हणजे एक जवान जायबंदी झाला तरी बाकीचे चौकी राखणार?" मारुतरावांनी विचारलं.

"बिल्कुल!"

"मग करा बघू एक जायबंदी."

असं मुद्दाम करायचं सुधन्वाच्या मनात नव्हतं. पण सासऱ्यांसमोर माघार? त्याने दोन नंबरची डिस्क खसकन ओढली. डबा भुकेल्या तान्ह्या पोरासारखा कोकलायला लागला, पण तालमीसाठी टीव्हीवर लावलेले फोटो चालूच राहिले!

"शाबास, जावईबापू!" मारुतरावांनी पाठीवर अशी थाप मारली की सुधन्वाच्या बरगड्यांचीच रेड तुटायची.

त्याने डिस्क परत बसवली. आता ती नव्याने भरून निघायला संध्याकाळ होणार होती आणि तोवर दुसऱ्या कुठल्याही डिस्कला हात लावून चालणार नव्हतं. हे सुधन्वाला पक्कं माहीत होतं. घरातल्यांना मात्र ते सांगायला हवं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तो शीळ घालत केक आणायला गेला.

तेवढ्यात दिल्ली छावणीतून मारुतरावांचे जुने साथी तात्याराव आले, ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. फौजी माणूस!

"तात्या, बस. तुला आमच्या जावयाची करामत दाखवतो," म्हणत मारुतरावांनी तीन नंबरची डिस्क ओढली.

टीव्ही काळाठिक्कर पडला.

"आता?" तात्यारावांनी विचारलं.

"दम धर. तिघी मिळून सांभाळतात."

तिघींनी काही सांभाळलं नाही. "धूळ बसली असंल," असं निदान करून तात्यारावांनी एक नंबरचीही काढली. मग दोघांनी रायफल साफ करावी तशा त्या डिस्क मऊ फडक्याने पुसल्या, फुंकर मारली आणि पुन्हा जागच्या जागी बसवल्या.

सुधन्वा केक घेऊन आला, तर डब्याचे सगळे दिवे लाल! स्क्रीनवर प्रश्न होता, नवी रचना करू का? खाली बारीक अक्षरांत, सर्व माहिती पुसली जाईल.

"यस दाबा की!" तात्याराव म्हणाले.

"कोणी काही दाबायचं नाही!" सुधन्वा असा ओरडला की शेवंताबाईंच्या हातातलं उलथनं पडलं. त्याने डबा बंद केला आणि मोबाइल घेऊन बाल्कनीत धावला. डबा विकणाऱ्या कंपनीचा माणूस हिंदीत बोलत होता आणि त्याला नीट ऐकू येत नव्हतं.

"हां जी, घर पे रेड!" सुधन्वा ओरडला. "सुबह से चल रही थी! मैं केक लेने गया, पीछे ससुरजी ने माल निकाल लिया! सब बरबाद हो गया जी!"

शेजारच्या बाल्कनीत चोप्रा आंटी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातली चादर खाली कोणाच्या तरी मारुतीवर पडली. इन्कम टॅक्सची रेड! इतक्या शरीफ माणसांकडे!

आंटी मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि शेवंताबाईंच्या कानात पुटपुटल्या, "बहनजी, गहने मुझे दे दो. चुपचाप!"

शेवंताबाईंना वाटलं, बिचारीला कुठे लग्नाला जायचं असेल. त्यांनी बांगड्या काढल्या, पाटल्या काढल्या, वर "ये भी अच्छा दिखेगा" म्हणून ठुशीही दिली. आंटींनी ते सगळं पिठाच्या डब्यात दडवलं आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या सांगत होत्या, "अभी ऊपर मत जाइए जी, रेड पड़ी है!"

वर ताटं मांडलेली आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. सुधन्वाची बायको प्रज्ञा खाली बघायला गेली, तर सगळी मंडळी सुतकी चेहऱ्याने पार्किंगमध्ये उभी! तिने खुलासा केला. आधी कोणाला पटेना, मग हसू आवरेना. आंटी लाजून पिठाने माखलेले दागिने घेऊन आल्या. त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

जेवणं झाली. टीव्ही काळाच. सुधन्वा कोपऱ्यात असा बसला होता की जणू स्वतःच्या तेराव्याला आलाय.

"बाबा, सॉरी. तुमचे सगळे फोटो..."

मारुतराव उठले आणि टीव्हीपुढे ताठ उभे राहिले. "फोटो नंबर एक!" काळ्या पडद्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "लगीन. ही शेवंता. रडून डोळं सुजल्यात. आणि हा मी, मिशीत हसतोय. हिरवी साडी..."

"जांभळी होती!" मागून शेवंताबाई म्हणाल्या.

"हिरवी!"

"अहो, नेसले कोण होते? तुम्ही का मी?"

मग मारुतराव एकेक फोटो सांगत गेले आणि शेवंताबाई दुरुस्त करत गेल्या. बर्फातलं क्वार्टर, स्टोव्हवर न शिजणारी डाळ, प्रज्ञाचं पहिलं पाऊल. कोणी जागचं हललं नाही. चोप्रा आंटींना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोळ्यांना पदर लावून सगळ्यात आधी त्याच बसल्या. साडीच्या रंगाचा वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही!

दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर दिनकर शर्मा आला. त्याने अर्धवट भरलेली दोन नंबरची डिस्क बाजूला ठेवून उरलेल्या तिघींची जुळणी केली आणि फोटो जसेच्या तसे परत आले. सुधन्वाने त्याला मिठीच मारली.

"पहिला लावा! लग्नाचा!" मारुतराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आज होऊन जाऊ दे!"

"होऊनच जाऊ दे!" शेवंताबाईंनी चष्मा पुसला.

सुधन्वाने ऐटीत बटण दाबलं. टीव्हीभर फोटो उमटला. सुजलेले डोळे, मिशीतलं हसू, सगळं स्वच्छ.

आणि साडी राखाडी! फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता.

शेवंताबाईंनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग मारुतराव सावकाश सुधन्वाकडे वळले.

"जावईबापू," ते म्हणाले, "रंग कुठल्या डिस्कवर ऱ्हायला?"